बाइकेच्या वाट्याचं हाड

सेयिताली बाइकेने आपल्या ताटातलं हाड उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. त्या वेळी मी शेजारच्या माणसाला यंदा बर्फ लवकर पडणार असं ठासून सांगत होतो. माझं वाक्य अर्धवट राहिलं, आणि त्या माणसानेही पुढचं विचारलं नाही. सेयिताली माझा थोरला भाऊ, म्हणून बाइके. आमच्यात मेंढी कापली की कुठलं हाड कुणाच्या पुढ्यात जायचं ते वयावरून ठरतं. खुब्याचं मोठं हाड, जांबाश, वडीलधाऱ्यांचं. एका मेंढीत अशी दोनच निघतात. एक बाइकेचं, दुसरं त्याच्या व्याह्याचं. माझा नंबर चौथा-पाचवा. मला पायाची नळी मिळते, आणि नळीबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तक्रार करायचा मक्ता बाइकेकडे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात चुकीचं हाड पुढ्यात आलं म्हणून हा माणूस टोपी घालून निघून गेला होता, आणि तीन माणसांनी मिनतवाऱ्या करून त्याला टॅक्सीतून खाली उतरवला होता. त्याने आयुष्यात कुणाला खिडकीजवळची जागासुद्धा दिली नाही. तो आज म्हणाला, "खा. तुला पचतं." मी आजूबाजूला पाहिलं. व्याही आपल्या चहाच्या वाटीत बघत होता. माझी बायको शारापात किटली आणायला उठली, आणि किटली तिच्या समोरच होती.

मेंढी कापली होती ती मी इस्पितळातून सुखरूप आलो म्हणून. तसं सगळे म्हणत होते, आणि मीही म्हणत होतो. शहराबाहेर बाइकेचं घर आहे, तिथे दुपारी सगळे जमले होते, आल्या-आल्या थट्टाही झाली होती. मी सगळी हयात बिश्केकच्या पाटांच्या खात्यात काढली; कुठल्या रस्त्याकडेच्या पाटाला कधी पाणी सोडायचं, कुठली झडप बंद करायची, हे माझं काम. तेव्हा व्याही म्हणाला होता, "अमानकुल, गावभर पाणी सोडत फिरलास आणि तुझं स्वतःचंच तुंबलं?" सगळे हसले, मी पण. विनोद चांगला होता, फक्त या महिन्यात तो मी चौथ्यांदा ऐकत होतो. पण ते हाड ताटात पडलं आणि कुणी थट्टा केली नाही. थोरल्याच्या वाट्याचं हाड धाकट्याच्या ताटात गेलं, तर एरवी महिनाभर पुरेल इतकी चर्चा झाली असती. इथे कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं. काय माहीत होतं? मी सुरी घेतली, मांस कापलं, रिवाजाप्रमाणे आजूबाजूच्यांना वाटलं, आणि प्रत्येकाने माझ्या हातून तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला. दोन्ही हातांनी का घेतला, हे मला अजून कळलेलं नाही.

तुंबलं होतं हे खरं. उन्हाळ्यापासूनच धार बारीक झाली होती, रात्री चार-चारदा उठणं चालू होतं, आणि मी त्याला वय म्हणत होतो. मग एका सकाळी काहीच होईना. पोट ढोलासारखं टणक झालं, घाम फुटला, आणि शारापात टॅक्सीवाल्याला शिव्या देत मला इस्पितळात घेऊन गेली. तिथे नळी घातली तेव्हा मला जे वाटलं त्याला मी सुख म्हणतो, आणि कुणाला त्याहून मोठं सुख माहीत असेल तर त्याने मला सांगावं. मग खालूनच दुर्बीण घालून प्रोस्टेटची ग्रंथी खरवडून काढली. डॉक्टर उर्मत तरुण आहे, तुर्कस्तानात शिकून आलेला, दाढी नीट कोरलेली. तो मला बाइकेच म्हणतो, माझ्या वयाचा मान म्हणून. दुसऱ्या दिवशी फेरीवर आला आणि म्हणाला, "सगळं ठीक झालंय, बाइके." तेच शब्द त्याने पलीकडच्या खाटेवरच्या मेंढपाळालाही सांगितले. त्या बिचाऱ्याच्या मूत्रपिंडात कुत्र्यांपासून येणाऱ्या कृमीची गाठ झाली होती, नारळाएवढी. असा रोगी वर्षाकाठी एखादाच येतो म्हणून शिकाऊ डॉक्टर त्याला बघायला रांग लावायचे. त्याचं मूत्रपिंड काढून टाकलं होतं. तोही ठीक आणि मीही ठीक. मेंढपाळ छताकडे बघत म्हणाला, "माझे कुत्रे चांगले आहेत हो. त्यांना दोष नका देऊ." त्यांना कुणी दोष देत नव्हतं.

आमच्या खोलीत गेन्नादी होता, जुना ट्रॉलीबसचालक, रशियन, आणि त्याच्यामुळे मला पुढे सगळा घोळ कळायला लागला. गेन्नादीच्या अंडकोशात पाणी साठलं होतं. साठलं म्हणजे किती, तर तो चालायचा तेव्हा दोन्ही पायांमध्ये खरबूज धरून चालल्यासारखा चालायचा, आणि त्याला त्याची अजिबात लाज नव्हती. "कारा-बाल्टा गावचं खरबूज," तो चादर वर करून म्हणायचा. "बघा, फुकट आहे." नर्स आली की चादर खाली. माझं ऑपरेशन झालं, नळी निघाली, धार पहिल्यासारखी झाली, मी घरी आलो, आणि मग शारापात एक दिवस कणीक मळता मळता म्हणाली, "बेकतेनचे बाबा, गुरुवारी परत जायचंय. छोटंसं आहे. खाली पाणी साठलंय म्हणे, तेवढं काढायचं." बेकतेन आमचा मुलगा, मॉस्कोत असतो, आजवर महिन्यातून एकदा फोन करणारा हा मुलगा आता रोज फोन करून मला विचारायचा, जेवलात का. मी शारापातला म्हणालो, "बरं." तिने कणीक इतकी मळली की तिचे तळलेले गोळे, बोर्सोक, दगडासारखे झाले.

बाइकेकडून परतल्यावर मी बाथरूमची कडी लावली आणि बघितलं. आरशात बघायला जमत नव्हतं, म्हणून हाताने. काही खरबूज नव्हतं. खरबूज सोडा, जर्दाळूही नव्हतं. जसं होतं तसंच होतं, थोडं म्हातारं. मग मला वाटलं, पाणी आत असेल, अजून वर आलं नसेल. मग वाटलं, डॉक्टरला दिसत असेल ते मला कसं दिसेल. मग वाटलं, नाही, पाण्याच्या बाबतीत तरी मला कुणी शिकवू नये; पाणी साठलं की ते लपत नाही. मी तिथे पँट धरून उभा राहिलो आणि मला खूप भीती वाटली, आणि भीती नेमकी कशाची ते सांगता येईना. मरणाची म्हणावी तर मी तितका मेल्यासारखा वाटत नव्हतो. खुब्यात थोडं दुखत होतं, पण ते इस्पितळाच्या गादीमुळे. बाहेर शारापात चहा ओतत होती. तिने माझी वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे वाटी अर्धीच भरतात, म्हणजे माणूस पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरली तर पाहुण्याने समजावं की आता उठायचं. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. वाटी ओठांना लावताना चहा सांडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिने घाईघाईने अर्धा चहा परत किटलीत ओतला.

मंगळवारी कांदे आणायला जातो म्हणून मी निघालो आणि इस्पितळात गेलो. उर्मत आपल्या खोलीत मांस भरलेला समसा खात होता. मला बघून त्याने तो कागदात गुंडाळला.

"बसा बाइके. एकटेच आलात?"

"का, एकट्याला बंदी आहे?"

"तसं नाही."

"गुरुवारी काय कापणार आहेस?"

"घरी काय सांगितलंय?"

"पाणी."

मी म्हणालो, "उर्मत, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही एवढं मला कळतं. माझा पगारच त्याचा होता."

"मी त्यांना बजावलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. उद्या संध्याकाळी तुम्ही भरती झालात की मी सांगणारच होतो. पण तुमच्या घरच्या रडायला लागल्या. म्हणाल्या, त्यांची स्वतःचीच इच्छा आहे, त्यांना काही वाईट सांगायचं नाही."

"माझी इच्छा? मी कधी म्हणालो?"

"ते मला काय माहीत? चारचौघांत म्हणाले होते, असं म्हणाल्या."

आणि मला आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी, शेजारच्या माणसाच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात. त्या शेजाऱ्याला डॉक्टरने अल्सर सांगितला होता आणि घरच्यांना दुसरंच. इथे ते असंच असतं, वाईट बातमी नातेवाइकांच्या हातात देतात आणि रोग्याला फळं. सगळे त्याबद्दल बोलत होते, चूक की बरोबर, आणि मी घोड्याचं मांस चावत मोठ्याने म्हणालो होतो, "मला असलं काही झालं तर मला अजिबात सांगू नका. गुपचूप जाऊ द्या." लोकांनी मान डोलावली होती. माझं वाक्य छान झालं होतं, असं मला वाटलं होतं. आता त्या पोट भरलेल्या, तगड्या माणसाची मला ओळखसुद्धा पटेना. त्याने माझ्या वतीने कबूल केलं, आणि शारापातने ते जपून ठेवलं, इतकी वर्षं. तिने मला फसवलं नव्हतं. ती माझं ऐकत होती. तिच्यावर रागवायचं ठरवून मी आलो होतो आणि आता तो राग कुठे ठेवायचा ते कळेना.

उर्मतने सांगितलं. खरवडून काढलेल्या भागात कॅन्सर निघाला होता, आणि तो खुब्याच्या हाडात गेला होता. "खुब्याच्या?" मी म्हणालो आणि हसलो. त्याला वाटलं मला धक्का बसलाय. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. बाइकेचं ते हाड मी कसं समजावून सांगणार होतो त्याला? तो सांगत राहिला. अंडकोशात जो रस तयार होतो त्यावर हा आजार वाढतो. दोन्ही अंडकोश काढून टाकले की त्याचा खुराक तुटतो, आणि तो कितीतरी काळ झोपून राहतो. काही माणसं बरीच वर्षं जगतात.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"एक ठेवला तर?"

"एकसुद्धा त्याचं पोट भरायला पुरे आहे, बाइके."

"दुसरं काही?"

"इंजेक्शन आहे. पण आपल्याकडे ते कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि मध्ये खंड पडून चालत नाही. काहीच केलं नाही तर हाडं दुखायला लागतील. मोडतीलसुद्धा." मग तो म्हणाला, "वरून काही कळत नाही. कपड्यांत कुणाला काही दिसत नाही." त्याने हे दयेने म्हटलं होतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी चालत निघालो. पाट कोरडे होते, पानांनी भरलेले, या दिवसांत ते कोरडेच असतात. मला लहानपणचा वसंत आठवत होता, आणि आठवायचा नव्हता. डोंगरात कुरणावर जायच्या आधी आम्ही शिंगरं खच्ची करायचो. बाइके ते करायचा, त्याचा हात हलका म्हणून शेजारच्या वाडीतूनही बोलावणं यायचं. मी डोकं धरायचो. पाय बांधून शिंगरू आडवं पाडायचं, मी त्याच्या मानेवर बसून कान धरायचो, आणि मला त्याचा फक्त एक डोळा दिसायचा. ओरडायचं नाही ते. एक मोठा श्वास घ्यायचं. मग दोर सोडले की उठून उभं राहायचं आणि पुढे काय करायचं ते न कळल्यासारखं बराच वेळ तिथेच थांबायचं. बाइके हात धुता धुता म्हणायचा, "आता हा शहाणा होईल. आता याच्यावर कुणीही बसावं." आणि खरंच, महिन्याभरात ते शांत व्हायचं, चरायचं, लठ्ठ व्हायचं, भांडायचं नाही. चांगला घोडा व्हायचा. मीच अशा एका घोड्यावर शाळेत जायचो आणि त्याच्यावर माझा फार जीव होता. आता मला वाटत होतं, मी त्याला कधी विचारलं का. मग वाटलं, घोड्याला काय विचारणार, वेडा झालास की काय. शारापातला आणि मला आता त्या गोष्टीची तशी फारशी गरजही उरली नव्हती. खरं सांगायचं तर दोन वर्षांत आठवणसुद्धा झाली नव्हती. मग काय चाललं होतं माझं? जे वापरत नाही तेच जातंय, आणि बदल्यात आयुष्य मिळतंय. सौदा वाईट नाही. पण बाइके माझा मोठा भाऊ, त्याने डॉक्टरपुढे मान हलवून होकार दिला असणार, जशी तो शिंगरांच्या वेळी हलवायचा, आणि मग आपलं हाड माझ्या ताटात ठेवलं. तो प्रेमाने वागला की मला माणसांच्या रांगेतून पुसून टाकलं? दोन्ही एकाच वेळी असेल का? मी कांदे न घेताच घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो, मग परत जाऊन कांदे घेतले.

शारापातला सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. घरात शिरल्यावर ठरवलं, नको. तिला वाटतंय की ती मला वाचवतेय. ते तिच्याकडून काढून घेतलं तर तिच्या हातात काय राहील? जेवताना ती म्हणाली, "गुरुवारचं काही नाही हो. पाणीच आहे. दोन दिवसांत घरी." मी म्हणालो, "मग काय. पाणीच तर आहे." तिने माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघं जेवत राहिलो. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला त्या वेळी वाटलं, हेही सांगून टाकतो. बुधवारी भरती झाल्यावर उर्मत खोलीत आला, तेव्हा मी त्याला म्हणालो की घरच्यांना कळू देऊ नकोस, मला माहीत आहे ते. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "बाइके, तुमच्या घरात नेमकं कोण कुणाला काय सांगत नाहीये, ते मला एकदा नीट सांगा." पण त्याने मान्य केलं. सही घेतली आणि गेला. मी कागद न वाचताच सही केली, कारण वाचलं असतं तर नको म्हणालो असतो. रात्रभर मी नको म्हणायची वाक्यं तयार केली. इंजेक्शन घेऊ. नशिबावर सोडू. सकाळपर्यंत मन तिकडेच झुकलं होतं. कपडे कपाटात होते, बूट खाटेखाली.

सकाळी मला ढकलगाडीवर घातलं. ऑपरेशनच्या दाराशी शारापात उभी होती, आणि बाइके, टोपी हातात घेऊन. बाइकेने माझ्या पायावर चादरीवरून हात ठेवला आणि काढला. आतून एक नर्स आली, तोंडावर मास्क, हातात कागद.

"नाव?"

"अमानकुल."

"जन्मसाल?"

मी सांगितलं.

"कसलं ऑपरेशन आहे?"

"पाणी काढायचंय," शारापात म्हणाली.

"तुम्ही नका सांगू. पेशंटने स्वतः सांगायचं असतं. त्याशिवाय आत घेता येत नाही."

"अहो, सांगितलं ना, पाणी."

"बाई, मला त्यांच्या तोंडून हवंय."

मी पाणी म्हणालो असतो तर तिने कागद बघून मला परत पाठवलं असतं. एक शब्द, की मी कपडे घालून घरी. मला तो शब्द फार हवासा वाटला. मग मी शारापातकडे बघितलं. ती नर्सकडे अशी बघत होती, जणू नर्स माझ्या अंगावर काही फेकणार होती आणि हिला ते मध्येच झेलायचं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, आणि गेले कित्येक दिवस ते तसेच होते, आणि मी ते बघितलेच नव्हते. मला जगायचं होतं. हे इतकं साधं होतं, की मला त्याची लाज वाटली.

"दोन्ही अंडकोश काढायचेत," मी म्हणालो. "कॅन्सर आहे. हाडात गेलाय."

नर्सने कागदावर खूण केली. बाइके भिंतीकडे वळला आणि त्याने टोपी घातली, मग काढली. मला वाटलं शारापात आता रडेल. ती रडली नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारी संध्याकाळी?"

"हो."

"मंगळवारी संध्याकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. तुम्ही बाहेरून म्हणालात, नळ बंद कर, किती पाणी वाया घालवतेस."

मी तसं म्हणालो होतो. सवयीने. नळ वाहताना ऐकला की मी तेच म्हणतो.

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग दार का नाही उघडलंत?"

इतक्या दिवसांत ती माझ्यावर पहिल्यांदा रागावली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते दुखत होतं. नर्स म्हणाली, "सोडा आता, उशीर होतोय." गाडी हलली. शारापात दोन पावलं बरोबर आली, मग तिने हात सोडला.

"या बाहेर," ती म्हणाली. "मला याचं उत्तर हवंय. मी इथेच बसलेय."